झाड माळ्यावरच आहे

सदर, नागपूर
आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार

प्रिय मिनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "पोरगी नाताळ करून राहिली की संसार मांडून राहिली?" मी बेरीज केली. लाकडी पट्ट्यांचं घडीचं झाड, बांबूचे गोळे, ज्यूटच्या पिशव्या, मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या, बियांची शुभेच्छापत्रं. सहा हजार आठशे चाळीस रुपये, कुरिअर वेगळं. आणि वर तुझा निरोप, की माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड कबाडीवाल्याला देऊन टाका, यंदापासून आपला नाताळ पर्यावरणाला धरून.

तुझ्या मनात चांगलंच आहे, म्हणून पत्र लिहितोय. फोनवर मी चिडलो असतो.

ते झाड आपण 2009 मध्ये बर्डीच्या बाजारातून आणलं. स्टँडचा एक पाय मोडलाय, तो मी बाइंडिंगच्या दोऱ्याने बांधतो आणि खाली अर्धी वीट ठेवतो. मागची बाजू टकली झालीय, म्हणून ती भिंतीकडे करतो. कबाडीवाल्याला मी विचारलं होतं, तो हसला. पीव्हीसीची पाती लोखंडी तारेत पिळून बसवलेली असतात, ती वेगळी करत बसायला कोणाला वेळ आहे? म्हणजे आपण टाकलं की ते थेट भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर जाणार. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टने मांडलेल्या हिशोबात दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडचा भार येतो. आपलं झाड माझ्या खांद्यापर्यंतच येतं, तरी 40 धरू. सोळा नाताळ झाले, म्हणजे वर्षाला अडीच किलो. जे पाप व्हायचं ते 2009 मध्येच झालं. आता ते झाड टाकून दुसरं आणलं तर दोन पापं, आणि दुसऱ्यावर 'इको' असा शिक्का.

एक गंमत सांगतो. मिशनरी स्टीफन हिस्लॉप साहेब नागपुरात आले 1845 मध्ये, ज्यांच्या नावाच्या कॉलेजात तू तीन वर्षं कँटीनला बसलीस. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं 1848 मध्ये, आणि त्यानंतर ते खूळ इंग्लंडभर पसरलं. शिवाय हिस्लॉप साहेब स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांना नाताळाचं फारसं कौतुक नव्हतं, इतकं की 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडला 1958 मध्ये मिळाली. म्हणजे झाड नसेल तर नाताळच नाही, असं काही नाही. पण असलेलं झाड टाकायचं, हेही नाही.

आता माझा गुन्हा. तू पहिलीत असताना मी गव्हाणीचा देखावा थर्माकोलचा केला होता. डोंगर, गुहा, वर कापसाचा बर्फ (बेथलेहेमात नि नागपुरात!) आणि मुठीमुठीने चमकी. ती चमकी सहा जानेवारीपर्यंत तुझ्या वेण्यांमध्ये होती. नंतर सगळा थर्माकोल मी मागच्या अंगणात पेटवला. काळा, चिकट धूर. वाळत घातलेल्या चादरींवर काजळीच्या तारा पडल्या आणि तू आठवडाभर खोकत होतीस. आईने तेव्हा मला काही म्हटलं नाही, अजूनही म्हणत नाही, आणि तेच जास्त लागतं. ती चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे कण. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून सुटी प्लास्टिकची चमकी विकणं बंद केलं. आपल्याकडे ती फुग्यांच्या दुकानात पुडीने मिळते. तुझ्या यादीत चमकी नाही, हे मी पाहिलं. शाब्बास.

गव्हाण आता आपण तणसाची करतो, तुला माहीतच आहे. भंडाऱ्याकडून धान येतं, तिथून कोणी ना कोणी एक पेंढी आणून देतं. देखावा उतरला की तणस शेजारच्या गाईला. मागच्या वर्षी चितारओळीतून मातीच्या मेंढ्या सांगितल्या होत्या, त्या थोड्या नंदीसारख्या झाल्या. पण खरा बैल आपला घरचाच: शेजारच्या काकूंनी तान्ह्या पोळ्याला तुला दिलेला लाकडी, एक चाक गेलेला. बाळ येशूच्या उशाशी तोच उभा राहतो. त्याच्या शिंगांना अजून तुझ्या हातची लाल रिबीन आहे.

नाताळाचा कागदी ताराही घरीच करायचा. बुरडाकडे कामट्या सांगून ठेवल्यात. दहा लांब, पाच आखूड, सगळ्या एका जाडीच्या तासलेल्या, नाहीतर तारा लंगडा होतो. खळ मैद्याची, आणि शिजवताना चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद खातात. (मोरचूद विषारी असतं, तेव्हा ते भांडं स्वयंपाकघरात परत आणायचं नाही. आईने तीस वर्षांपूर्वी दिलेला दम अजून लागू आहे.) पतंगी कागद चिकटवताना ताणायचा नाही. तो वाळताना स्वतःच ताणला जातो. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. आधी आत साठ वॅटचा पिवळा बल्ब लावायचो. रात्री बारा तास, वीस रात्री, म्हणजे चौदा युनिट. आणि दरवर्षी एक टोक करपायचं. आता पाच वॅटचा एलईडी आहे, सव्वा युनिटसुद्धा होत नाही, आणि तोच तारा तिसऱ्या वर्षी चालला असता. यंदा मांजर पडलं त्यावर, म्हणून नवा.

गिफ्टचा कागद विकत आणू नकोस. छापखान्यातली साधी परीक्षा: मुठीत चुरगळायचा. चुरगळलेला राहिला तर कागद, हळूहळू उलगडला तर वर प्लास्टिकचा पापुद्रा, तो रद्दीत जात नाही. आईकडे खणाचे तुकडे आहेत, त्यात बांधू. गाठ सोडायची, कापड परत करायचं.

केकचं सांगायचं राहिलंच. आंबिया बहाराचा संत्रा कळमन्याच्या बाजारात उतरतोय, घरात रोज दोन डझन संपतात. आई साली टाकू देत नाही. त्या दोन पाण्यांत उकळून कडूपणा काढते, मग साखरेच्या पाकात मुरवते. मनुका संत्र्याच्याच रसात भिजल्यात. बेकरीवाल्याशी बोललोय, वीस तारखेला दुपारी भट्टी थंडावताना आपले सहा डबे लावून देतो म्हणाला. डब्यांवर नावाची चिठ्ठी खळीने चिकटवायची, सेलोटेप वितळते.

आणि ते कागदी प्लेटांचं शंभरचं पाकीट यादीतून काढ. दिवाळीत पाच घरांतून आपल्याकडे स्टीलचे डबे आले, ते अजून फडताळात उभे आहेत, रिकामे परत कसे करणार? त्यांत करंज्या, चकल्या, एकेक केकचा तुकडा आणि काकूंच्या डब्यात वरून कोथिंबिरीची सांबारवडी. हिशोबाने केलं तर काही उरत नाही. गेल्या वर्षी आपण हौसेने चार किलो शंकरपाळे केले आणि ते फेब्रुवारीपर्यंत माझ्या चहाबरोबर होते. यंदा दीड किलो. यावर आईचा नि माझा वाद चालू आहे, तू आल्यावर निकाल दे.

मेणबत्त्या मात्र घे. त्या मलाही आवडल्या. चार पुरेत, आगमनाच्या चार रविवारांसाठी. पहिला आज झाला, आज आम्ही साधीच लावली.

तुझा,
बाबा

ता. क. स्वेटर आण, पहाटे गारठा पडायला लागलाय. आणि झाडाच्या शेंड्याला लावायची चांदणी तू मागच्या वर्षी फोटोसाठी घेऊन गेली होतीस, ती तुझ्याकडेच आहे. ती विसरू नकोस.