फादरांच्या बदलीनंतर: लेकीला पत्र

प्रिय बाळ,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. आज चर्चमधली सकाळची मिस्सा-प्रार्थना आटोपली, पप्पांना चहा दिला आणि लिहायला बसले. फोन केला असता, पण या विषयावर फोनवर तू लगेच चिडतेस आणि माझंही अर्धं बोलायचं राहून जातं.

तू लिहिलंस, फादरांची बदली झाली आणि गावाने ती मुकाट्याने होऊ दिली. तुझ्या मते बिशप हाऊसवर माणसं न्यायला हवी होती. आता नाताळला घरी आलीस तरी मध्यरात्रीच्या मिस्सेपुरतीच चर्चमध्ये येणार, बाकी काही देणंघेणं नाही. शेवटी विचारलंस, "आपल्याला कोणी विचारलं का?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून तू जे ठरवलंस ते मला पटत नाही.

फादर गेले त्याचं वाईट मलाही वाटतं. ते आले तेव्हा वाडीवाडीत फिरून त्यांनी प्रत्येक घर पाहिलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ते स्वतः कम्युनियनचा ख्रिस्तप्रसाद घेऊन जायचे आणि नुसतं देऊन निघायचे नाहीत, बसायचे. हॉलमागच्या बंद खोलीत अभ्यासिका काढली, तिथे गावातली सगळी मुलं बसतात, कोणाची जात, कोणाचा धर्म विचारला नाही. वर्षाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावायची पद्धत त्यांनीच पाडली. निरोपाच्या दिवशी बायका रडल्या, त्यात मीही होते.

पण बदलीबद्दल तुला नीट माहिती नाही असं दिसतं. आपले फादर धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशाचे आहेत, कुठल्या संन्यस्त संघाचे नाहीत. संघातले धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. धर्मप्रांताचा धर्मगुरू दीक्षेच्या वेळी बिशपांच्या हातात आपले हात ठेवून त्यांना आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या बिशपांना आज्ञाधारक राहण्याचं वचन देतो. तू लहान असताना आपल्या गावातल्या मुलाची दीक्षा झाली तेव्हा हे तू पाहिलं आहेस. याचा अर्थ बिशप मनाला येईल तेव्हा उचलून कुठेही टाकतात असा नाही. चर्चच्या कायद्यात प्रमुख धर्मगुरूला, म्हणजे एखाद्या चर्चची जबाबदारी असलेल्या फादरांना, स्थैर्य असावं असं स्पष्ट म्हटलंय. बदली करायची तर बिशपांनी ती लेखी सुचवायची, आणि धर्मगुरूला ती मान्य नसेल तर त्याने आपली कारणं लेखी द्यायची. आपल्या फादरांनी तसं काही दिलं नाही, कारण त्यांना जायचं होतं. मला त्यांनी स्वतः सांगितलं. आपण मोर्चा नेला असता तर ज्यांच्यासाठी नेला त्यांनाच मान खाली घालावी लागली असती.

ते जव्हारकडे गेलेत. तू धर्मप्रांत म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर पापडीचं कॅथेड्रल, रमेदी, नंदाखाल, आगाशी एवढंच येतं, केळीच्या बागा आणि पांढरी चर्चं. पण वसई धर्मप्रांत वर डहाणू-तलासरीपर्यंत, गुजरातच्या सीमेपर्यंत जातो. तिकडे वारली पाड्यांमध्ये एकेका फादरांना कितीतरी वस्त्या सांभाळाव्या लागतात, रस्ता संपला की पायी. आपल्याकडे रविवारी तीन-तीन मिस्सा आणि त्यातही वेळ सोयीची नाही म्हणून कुरकुर. चांगला धर्मगुरू आपल्यालाच हवा, कायमचा हवा, असं म्हणताना तो कुणाकडून तरी काढून घेतोय हे मनात यायला हवं.

आता बिशप. "तेही वरून येतात," असं तू लिहिलंस. हो, नेमणूक पोपच करतात. दिल्लीतले पोपचे प्रतिनिधी चौकशी करतात, तीन नावं रोमला पाठवतात आणि सगळं गुप्त असतं. चौकशीत ते काही प्रापंचिकांना, म्हणजे आपल्यासारख्या साध्या सभासदांनाही विचारू शकतात, पण विचारलं तरी त्या माणसाने ते कुणाला सांगायचं नसतं. मला स्वतःला वाटतं की हे दार आणखी उघडायला हवं, आणि मी ते आमच्या सभेत बोलले आहे. पण बिशप म्हणजे गादीला चिकटून बसणारा माणूस, हे तुझं म्हणणं चूक आहे. पंचाहत्तरी झाली की त्यांनी पोपकडे राजीनामा पाठवायचा असतो. आर्चबिशप फेलिक्स मच्याडो 2009 पासून आपल्या वसईचे बिशप होते. 2023 मध्ये त्यांची पंचाहत्तरी झाली आणि 2024 मध्ये बिशप थॉमस डिसोजा आले, आपल्याच धर्मप्रांतातले फादर. त्याआधी 1998 मध्ये धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप थॉमस डाबरेही वसईचेच. तुझ्या पणजीच्या लहानपणी आपली चर्चं दमणच्या धर्मप्रांतात होती, 1928 मध्ये तो मोडला आणि आपण मुंबईच्या आर्चबिशपांकडे गेलो. राज्यकर्ते बदलले त्यापेक्षा बिशप बदललेले तिने जास्त पाहिले असतील.

वसईचा किल्ला 1739 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि पोर्तुगीज गेले. ज्यांनी धर्म आणला त्यांचं राज्य संपलं, मठ ओस पडले. तरी नंदाखालचं चर्च, 1573 पासूनचं, आजही भरतं. ते कोणामुळे? मोजक्या स्थानिक धर्मगुरूंमुळे आणि घराघरांत रोझरी म्हणणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. वसईत फादरांना मान आहे आणि तो असावाच. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा माणूस वसईची हिरवाई वाचवायला, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरला तेव्हा गावंच्या गावं मागे उभी राहिली. पण तेव्हाही माणसं नुसती मागून चालली नाहीत, स्वतःच्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे गावतळी, वाचवायला आली होती. म्हणून ती चळवळ झाली.

परवा चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एकाचा दाखला शोधत होते. अर्ज फादरांच्या नावाने येतात, शोधायचं काम आम्हीच करतो. तुझी नोंद दिसली. तुझं नाव, आमची नावं, गॉडफादर-गॉडमदर आणि बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांची सही. शेजारी दृढीकरण संस्काराची नोंद. पुढची जागा मोकळी आहे. तू बंगळुरूला लग्न केलंस, किंवा जगाच्या पाठीवर कुठल्याही चर्चमध्ये केलंस, तरी तिथल्या फादरांना ते इथे कळवावं लागतं आणि याच पानावर लिहिलं जातं. एकेका पानावर किती फादरांच्या सह्या! काहींनी भांडणं मिटवली, काहींनी लावली, कुणी प्रवचन लांबवायचे, कुणाला गाता यायचं नाही. सगळे गेले. वही गावात राहिली.

आता "आपल्याला कोणी विचारलं?" याकडे येते. यातला निम्मा दोष आपला आहे. चर्चचा 1983 चा कायदा उघडून बघ, 212 वं कलम. आपल्या ज्ञानाप्रमाणे चर्चच्या हिताबद्दलचं मत धर्मगुरूंना सांगण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, आणि कधीकधी ते कर्तव्यही आहे, असं तिथे लिहिलंय. पॅरिश कौन्सिल सल्ला देण्यापुरती असते हे खरं, शेवटचा शब्द फादरांचा. पण फायनान्स कमिटी प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, असलीच पाहिजे, ती ऐच्छिक नाही. लोकांनी जे दान दिलं त्याचा हिशेब लोकांना द्यायचा, हेही कायद्यातच आहे. म्हणजे बोर्डावर लागलेला कागद ही जुन्या फादरांची मेहरबानी नव्हती. आणि म्हणूनच नव्या फादरांनी तो अजून लावला नाही म्हणून रुसून बसायचं कारण नाही, तो मागायचा.

मागायचा कसा, तेही सांगते, कारण तू थेट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलंस. तिथे दोन दिवस धुरळा उडाला आणि कागद काही लागला नाही. मी कमिटीच्या सभेत तोंडी विचारलं, मग लेखी दिलं, खाली चौघांच्या सह्या. फादर म्हणाले, जुन्या वह्या समजून घेतोय, थोडा वेळ द्या. दिला. त्यांनी नाहीच म्हटलं असतं तर आमच्या विभागातल्या चर्चांवर देखरेख करणाऱ्या फादरांकडे, म्हणजे डीनकडे, तिथूनही काही झालं नाही तर बिशपांचे मुख्य मदतनीस व्हिकार जनरल आणि मग बिशप. प्रत्येक वेळी सहीनिशी, कारण लिहून. कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे न उडवता. याला वेळ लागतो, पण असं विचारलेलं कुणाला सहज उडवून लावता येत नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही, आणि हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगते. लहान मुलाशी कुणी वाईट वागल्याचं कळलं, मग तो फादर असो, शिक्षक असो की बिशपांचा नातेवाईक, तर डीन नाही, कमिटी नाही, आधी पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2019 मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची व्यवस्था करायला लावली. चर्चचं नाव जपायचं म्हणून मुलाला गप्प करणं हे पाप आहे. आज्ञाधारकपणाची माझी सगळी भाषा या ठिकाणी थांबते.

नव्या फादरांना तू "अबोल" म्हणालीस. आहेत. आधीच्यांसारखे ते दारात उभे राहून हात मिळवत नाहीत. पण तुला एक ठाऊक नसेल. प्रमुख धर्मगुरूने पदभार घेतला की दर रविवारी आणि मिस्सेला येणं सक्तीचं असलेल्या सणाला एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. त्या मिस्सेचे पैसे कोणी दिलेले नसतात, ती कुणाच्या नावाची नसते. जे येतात त्यांच्यासाठी, जे रागावून यायचे थांबले त्यांच्यासाठीही. तू बंगळुरूला असलीस तरी मी तुला त्यात धरते. जो माणूस दर आठवड्याला माझ्या मुलीसाठी वेदीपाशी उभा राहतो, त्याला मी पहिल्या सहा महिन्यांत मोडीत काढणार नाही. अभ्यासिकेच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतःहून पोरांच्या हातात दिली, हेही तुला कुणी कळवलं नसेल.

बायकांचं तू काही लिहिलं नाहीस, पण तुझ्या रागात तेही आहे हे मला कळतं. माझ्या लहानपणी वेदीवर मुलीने सेवा करणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. 1994 नंतर ती परवानगी आली, 2021 मध्ये मिस्सेत बायबल वाचणाऱ्या वाचकाची सेवा अधिकृतपणे स्त्रियांना खुली झाली आणि 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, रोमला स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. फार हळू, हे मलाही वाटतं. पण आपल्याकडे फायनान्स कमिटीत मी पहिली बाई आहे, आणि मी तिथे आहे म्हणून रविवारच्या दानाचे पैसे आता एकटं कुणी मोजत नाही. दोघं मोजतात, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, मग पाकीट बंद. यासाठी मला रोमहून कुणाची परवानगी लागली नाही.

तर माझं मागणं असं आहे. तू हिशेबतपासणी शिकलीस आणि दिवसभर कंपन्यांचे ताळेबंद बघतेस. आमच्या कमिटीत निवृत्त शिक्षक, एक बागायतदार आणि मी. जमाखर्च आम्ही लिहितो, पण तो साध्या माणसाला एका नजरेत कळेल असा मांडता येत नाही. दुरुस्ती निधी वेगळा, गरिबांसाठीचा वेगळा, धर्मप्रांताला पाठवायचा वाटा वेगळा, हे सगळं एकाच पानात कोंबलं जातं आणि मग लोक शंका घेतात. तू नमुना करून दे. नव्या फादरांना मी विचारलं, ते म्हणाले, "तुमची मुलगी येईल तेव्हा तिला घेऊन या, मलाही समजून घ्यायचंय." तुझ्या नाताळच्या तिकिटाची तारीख कळव, म्हणजे सभा त्याप्रमाणे ठेवायला सांगते. जुन्या वह्यांचे फोटो पप्पा आज संध्याकाळी पाठवतील. सुरुवात दुरुस्ती निधीपासून कर, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

तुझी,
आई