शोभेची रायफल घेताना चकाकीपेक्षा स्क्रू पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नौपाड्यातील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी २६ जानेवारीच्या निमित्ताने वर्गणी काढून एक छोटेसे सैनिक दालन उभे केले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी सैनिकाची मुलांना ओळख व्हावी म्हणून त्यात लावण्यासाठी ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीच्या तीन प्रतिकृती विकत घेण्यात आल्या. प्रत्येकीचे साडेचौदा हजार रुपये मोजून झाल्यावर आणि त्या भिंतीवर चढवण्याच्या आदल्या संध्याकाळी मला ‘जरा नजर टाकायला’ बोलावण्यात आले. माझी चौतीस वर्षे एका कारखान्यात गेज आणि व्हर्नियर घेऊन सुटे भाग तपासण्यात गेली आणि कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये याच रायफलीने कवायत केली, एवढीच माझी पात्रता. पहिली रायफल हातात घेताच लक्ष गेले ते तिच्या बाजूच्या एका स्क्रूकडे. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच होती आणि त्यापासून चार बोटांवर १९०८ साल उमटवलेले होते. अशा खाचेचे स्क्रू प्रचारात आले ते १९३० च्या दशकात. मूळ रायफलीवरचा प्रत्येक स्क्रू सरळ, एकाच खाचेचा असतो.

सालाच्या वर मुकुट होता आणि मुकुटाखाली ‘जी.आर.’ ही अक्षरे होती. ती राजा जॉर्जची. १९०८ साली इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड होता आणि पाचवा जॉर्ज गादीवर आला तो १९१० मध्ये, म्हणजे त्या सालच्या रायफलीवर ‘ई.आर.’ हवे होते. या चुकीला तशी परंपरा आहे. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल येथील कारागीर साध्या हत्यारांनी, हाताने घडवून याच रायफलीच्या नकला करत आले आहेत, आणि त्यांच्या मालावरही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे तिच्या मृत्यूनंतरच्या सालांसह किंवा ‘एनफिल्ड’ या मूळ इंग्रजी कारखान्याच्या नावातील अक्षर उलटे उमटलेले आढळते. त्यांच्या हातात निदान कसब होते. आमच्या तिन्ही रायफलींवर मात्र अनुक्रमांकही एकच निघाला, कारण तिन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या होत्या. खऱ्या रायफलीचा क्रमांक तिचा एकटीचा असतो आणि तोच तिच्या बोल्टवर (काडतूस नळीत ढकलणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावर) व नळीच्या टोकाकडील टोपीवरही पुन्हा मारलेला असतो. अक्षरांवरून नख फिरवले तरी पुष्कळ कळते. ठशाने मारलेले अक्षर धातूत खोल रुततेच, शिवाय त्याच्या काठाशी धातू किंचित वर उठलेला लागतो. ओतीव अक्षराच्या कडा साबणाच्या वडीवरील नावासारख्या गोलसर असतात.

विक्रेत्याने या मालाचे वर्णन ‘सैन्यातून निघालेल्या सरप्लस मालाची हुबेहूब प्रत’ असे केले होते आणि बोलण्याच्या ओघात ‘यातले काही भाग ओरिजिनल आहेत’ असेही सांगितले होते. माझ्या मते सौदा तिथेच थांबवायला हवा होता. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, जुन्या लष्करी रायफली सामान्य ग्राहकाला मिळतात आणि आपल्या पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनलेल्याही तिकडे विकल्या गेल्या आहेत. तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसाच बाजार असावा असा समज होतो. आपल्याकडे .३०३ (म्हणजेच ‘थ्री नॉट थ्री’) हे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेले नळीचे माप, मानले जाते आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. तेव्हा ‘खरे भाग आहेत’ असे सांगणारा विक्रेता एकतर थाप मारत असतो किंवा खरे बोलत असतो, आणि दुसरी शक्यता शाळेच्या दृष्टीने पहिलीपेक्षा वाईट आहे.

शोभेच्या प्रतिकृतीची पहिली कसोटी म्हणूनच अगदी उलट आहे: ती कोणत्याही परिस्थितीत रायफल होऊ शकणार नाही याची खात्री पटली पाहिजे. नळी आतून भरीव असावी, टॉर्च लावला तर प्रकाश आरपार जाऊ नये आणि काडतूस बसते ती जागा घडवलेलीच नसावी. ही एक गोष्ट आमच्या विक्रेत्याने नीट केली होती, हे मान्य केले पाहिजे.

वजनाबाबत लोक सहज फसतात. मूळ रायफल सुमारे ११३ सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ ४ किलो भरते. जस्ताच्या मिश्रधातूची पोकळ प्रत बरीच हलकी होते, म्हणून काही जण दस्त्यात शिसे भरून काटा जुळवतात. यावर तराजूपेक्षा तळहात बरा. खरी रायफल मॅगझिनच्या, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या पेटीच्या, किंचित पुढे एका हातात धरली की आडवी स्थिर राहते, आणि ‘बाजू शस्त्र’च्या कवायतीपासून ज्यांनी ती उचलली आहे त्यांच्या हाताला ही जागा आजही आठवत असेल. आमची प्रत तशी धरताच तिचा दस्ता धाडकन खाली गेला. खिशातला लोहचुंबकही उपयोगी पडतो: बोल्ट आणि त्याभोवतीचा सांगाडा यांना तो चिकटला नाही, तर तिथे पोलाद नाही. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी चुंबकाला दाद देणार नाही, तो दोष नव्हे. मात्र ती खरोखर पितळेची आहे की वर नुसता मुलामा आहे, हे स्क्रू काढून आतल्या बाजूला पाहावे.

लाकडाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे खरे तर तिथे दिसायला हवेत. या रायफलीचा दस्ता आणि पुढचे लाकूड हे दोन वेगळे तुकडे असतात आणि त्यांच्या मधे धातूचा सांगाडा असतो. दस्ता आतून जाणाऱ्या लांब, स्क्रूसारख्या बोल्टने आवळलेला असतो. स्वस्त प्रतीत सगळे एकाच फळीतून कापून जोडाच्या जागी काळी रेघ ओढतात. हाताची पकड येते त्या मनगटाइतक्या जाडीच्या भागात लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने धावत आहेत का, हे उजेडात पाहावे. ते आडवे गेले असतील तर नाटकात एकदा जमिनीवर आपटताच दस्ता तिथेच मोडेल. गडकरी रंगायतनच्या विंगेत मी असा मोडलेला दस्ता चिकटपट्टीने गुंडाळून पुढचा अंक पार पाडलेला पाहिला आहे. शेवटी लाकडाचा वास घ्यावा, हसू आले तरी घ्यावा. जुन्या लष्करी लाकडाला जवसाचे तेल चोळलेले असे. आमच्या तिन्ही रायफलींना नव्या कपाटाच्या पॉलिशचा वास होता.

याहून सूक्ष्म चूक मॅगझिनची होती. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने याच घाटाची रायफल ७.६२ मि.मी.च्या काडतुसासाठी बनवली, आणि तिचे मॅगझिन जास्त चौकोनी, १२ गोळ्यांचे आहे. पहिल्या महायुद्धातल्या रायफलीचे १० गोळ्यांचे आणि खालून तिरके असते. आमच्या प्रतींना चौकोनी मॅगझिन होते. म्हणजे १९१४ च्या शरदात मार्सेल्सला उतरलेल्या आणि तिथेच नव्या रायफली हाती मिळालेल्या सैनिकाच्या चित्राशेजारी आम्ही १९६० च्या दशकातला घाट टांगणार होतो. दहावीतल्या एखाद्या चौकस मुलाने हे पकडले असते.

बोल्टचे एवढेच सांगतो की या जातीच्या रायफलीत तो पुढे ढकलून बंद करताना स्प्रिंगचा जोर लागतो. उघडताना जोर लागत असेल, तर कारागिराने जर्मन माउझरच्या पद्धतीची रचना डोळ्यांपुढे ठेवलेली असते.

संगीन ‘फ्री’ देऊ केली तर घेऊ नये. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत संगिनीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे आणि १७ इंच पात्याची वस्तू शाळेत असण्याचे कारण नाही. बिलावर ‘गोळी न झाडणारी प्रतिकृती’ हे शब्द लिहून घ्यावेत. मिरवणुकीत किंवा रस्त्यावरच्या देखाव्यात ती न्यायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावे, कारण वीस फुटांवरून बंदोबस्तावरील हवालदाराला जस्त आणि पोलाद यांतला फरक दिसणार नाही.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत अशा वस्तू येतात. त्या छापताना ‘सरप्लस’, ‘ओरिजिनल’ असे शब्द वगळून प्रतिकृती असल्याचा स्पष्ट उल्लेख जाहिरातदाराकडून मागावा, अशी विनंती आहे.

आमच्या तीनपैकी दोन रायफली विक्रेत्याने कुरकुर करत परत घेतल्या. तिसरी दालनात आहे. वागळे इस्टेटमधील एका ओळखीच्या वर्कशॉपने तिला सरळ खाचेचे स्क्रू बसवायची तयारी दाखवली होती, पण मुख्याध्यापिकाबाईंनी ती आहे तशीच ठेवायला सांगितली आणि खाली पाटी लावली: ‘या प्रतिकृतीत किमान चार चुका आहेत. शोधा.’

आपला,
एक निवृत्त तपासनीस
नौपाडा, ठाणे (पश्चिम)