पॅसेजमधला पिवळा ठोकळा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

दादा शनिवारी कोल्हापूरला येतोय, त्याच्यासोबत एक खोकं पाठवतेय. वरून जुन्या साड्या गुंडाळल्यात, त्यामुळे आई, साड्या समजून ते थेट माळ्यावर टाकू नकोस. आत एक पिवळा ठोकळा आहे, पॅसेजमध्ये रात्री लावायचा दिवा. लांबी-रुंदी-उंची २४ सेंटिमीटर, चारी बाजूंना प्रश्नचिन्ह. फोनवर सांगितलं असतं तर "आता हे काय नवीन" इथेच बोलणं संपलं असतं, म्हणून लिहितेय.

मारिओ आठवतो ना? आपला टीव्ही गेम, पिवळी कॅसेट, आणि आईच्या मालिकेची वेळ झाली की उपटली जाणारी वायर. त्यातला मिशीवाला प्लंबर उडी मारून ज्याला ठोकायचा आणि वर नाणं उडायचं, तो हा ठोकळा. बाबा, तुम्ही म्हणायचात, "हा डोकं आपटून आपटून पैसे कमावतो, आपल्यासारखाच." तो डोकं आपटत नाही बरं का, मूठ मारतो. उडी मारताना त्याचा एक हात वर गेलेला असतो. आपल्या त्या टीव्हीवर हे दिसणं शक्यच नव्हतं!

हा खेळ १९८५ चा. जपानच्या निन्टेन्डोमध्ये शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी केलेला. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. आई रोज सकाळी ग्रुपवर जे गुलाबाचं फूल पाठवते ना, त्या एका फुलाला बहुधा याहून जास्त जागा लागत असेल. जागेची इतकी टंचाई, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं रंगवलेलं, एकदा हिरवं. ठोकळा चमकतो तेव्हाही चित्र तेच राहतं, नुसता पिवळा रंग गडद होतो आणि परत उजळतो. हे वाचलं तेव्हा, बाबा, फाउंड्रीतल्या एकाच पॅटर्नला, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्याला, तुकडे जोडून दोन मापांची कास्टिंगं काढायची तुमची खटपट आठवली.

तर मूळ ठोकळा पडद्यावरच्या १६ बाय १६ बारीक चौकोनांचा. मी एक चौकोन दीड सेंटिमीटरचा धरला, म्हणून २४. यात कुठेही गोलाई नाही, प्रश्नचिन्हसुद्धा पायऱ्यापायऱ्यांचं. मूळ खेळात ते तपकिरी असतं. मी ते प्लायमधून कापून काढलं आणि मागे दुधी ॲक्रिलिक लावलं, उजेड तिथूनच येतो. लांबट कापे जिगसॉने झाले, पण आतले काटकोन जिगसॉ देत नाही. तिथे तुमची अर्ध्या इंची पटाशी, घर लावताना तुम्ही माझ्या डब्यात गुपचूप घातलेली. आधी चाकूने रेघ खोल करायची, मगच पटाशी टेकवायची, नाहीतर प्लायचा वरचा पापुद्रा उचकटतो. हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही. शिरोलीच्या फाउंड्रीतून तुम्ही अर्धवट काम घरी आणायचात आणि मी शेजारी भुसा गोळा करत बसायचे, तेव्हा पाहिलेलं.

फळ्या ९ मिलिमीटरच्या. कडा पंचेचाळीस अंशांत कापल्यात, त्यामुळे प्लायचे थर कुठे दिसत नाहीत. चारी फळ्या रांगेत पालथ्या मांडल्या, सांध्यांवर चिकटपट्टी लावली, उलटवून खाचांत फेविकॉल भरला आणि पाकीट दुमडावं तशा दुमडल्या. गुण्या लावला, दोन्ही कर्णही मोजले. तुम्ही आल्या आल्या मोजणार हे माहीतच होतं. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्नला मीटरमागे दहा मिलिमीटर वाढवून द्यायचा हिशेब इथे नव्हता, तेवढं माझं डोकं वाचलं. तळाची फळी मात्र तुमच्या कोअर बॉक्ससारखी (वाळूचा गाभा घडवायची ती लाकडी पेटी) डॉवेलवर, म्हणजे लाकडी खुंट्यांवर, बसवलीय: ओढली की निघते, दाबली की जागच्या जागी. स्क्रू एकही नाही.

आता खरं काम. होळीच्या सुमारास बाबा रात्री पॅसेजमध्ये ठेचकाळले, ते मला आईकडून नाही, दादाकडून कळलं. झिरोचा बल्ब "रात्रभर उगाच जळतो" म्हणून तुम्हीच काढून टाकला होता. हा ठोकळा उगाच जळत नाही. अंधारात कुणी समोरून गेलं की पेटतो, मिनिटभराने आपोआप विझतो. आत बॅटरी आहे, त्यामुळे लाइट गेली तरी चालतो. उजेड मंद झाला की तळ काढून मोबाइलच्या चार्जरला लावायचा.

पुढच्या बाजूला चारी कोपऱ्यांत जे चार काळे ठिपके आहेत, त्यातला खालचा उजवा ठिपका नाही, भोक आहे. त्यातून सेन्सरची पांढरी टोपी डोकावते. तो अंगाची ऊब ओळखतो आणि ती ऊब ॲक्रिलिकमधून किंवा काचेतून त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याला मोकळी खिडकी लागते. तेव्हा आई, ठोकळ्यावर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही. वर गणपतीही ठेवायचा नाही. फार तर बाजूला ठेव.

फळी दादा ठोकेल, कमरेएवढ्या उंचीवर, बाथरूमच्या दाराच्या अलीकडे. बाबा, तुम्ही नुसती लेव्हल बघा, स्टुलावर चढू नका. तुमच्या हातच्या इतक्या कोअर बॉक्समधला एकही आपल्या घरात नाही, सगळे फाउंड्रीच्या वाळूत झिजले. हा माझा तरी भिंतीवर राहू दे. सांध्यात फट दिसली तर फोन करून सांगा, चारचौघांत नको.

नाण्याचा आवाज मुद्दाम घातला नाही, रात्री दोनला आईच दचकली असती. पण आई, पेटीवर तो तुला सहज जमेल. पांढरी एकला सा धर, आधी शुद्ध नी चटकन, लगेच वरच्या सप्तकातला गंधार, आणि तो थोडा लांबव. मे महिन्यात चिनू तिकडे येणारच आहे. त्याच्यासमोर एकदा वाजव, म्हणजे पुढचे पंधरा दिवस तो तुझ्या भजनी मंडळालाही सोडणार नाही.

तुमची,
मनू