ग्रब रेस्क्यूमधून बाहेर काढणाऱ्यांचे आभार

डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, बदलल्यावर विंडोज, लिनक्स दोन्ही गायब आणि काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू'; म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा ग्रब हा प्रोग्रॅमच अडकलेला. तेव्हा धावून आलेल्या, नावंही ठाऊक नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

'सगळं फॉरमॅट करा' असं तुमच्यापैकी एकानेही म्हटलं नाही, याचं विशेष कौतुक! एकाने आधी 'एलएस' ही यादी दाखवणारी कमांड देऊन पार्टिशनं बघायला लावली. डिस्कची विभागणी नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत लॉजिकल (एका मोठ्या पार्टिशनच्या आत बनवलेल्या) पार्टिशनांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. मधलं एखादं उडवलं की पुढचे सरकतात. ग्रब आपल्या फायली ६ मध्ये शोधत होता, त्या आता ५ मध्ये होत्या. डेटा जागच्या जागी. फायली कुठे आहेत हे ग्रबला सांगणारे रूट आणि प्रीफिक्स बदलले, मग 'इन्समॉड नॉर्मल', 'नॉर्मल' या कमांड दिल्या, आणि मेनू हजर. लिनक्समध्ये शिरताच ग्रब पुन्हा इन्स्टॉल करा, असं बजावणाऱ्या ताईंचे आभार. नाहीतर रीस्टार्टला तेच रडगाणं.

त्यानंतरही लिनक्स सुरू होताना (बूट) ९० सेकंद अडायचं. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नव्याने बनवलं, पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीत) त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, जुनाच, हे नुसत्या वर्णनावरून ओळखणाऱ्यांना तर दंडवत. मेनूत विंडोज दिसत नव्हतं, कारण ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून ओएस-प्रोबर, म्हणजे इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, मुळात बंद असतो. तो चालू करायची ओळ लिहून पाठवणाऱ्याचेही आभार.