ऑर्थो पहिल्या नंबरला टाकलंय

आई-बाबा,

फोनवर बोलायला लागलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहतो, म्हणून लिहितेय. पीजी अ‍ॅडमिशनच्या चॉइस फिलिंगमध्ये एमएस ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जरी, पहिल्या नंबरला टाकलंय, गायनॅक त्याच्या खाली. आई, ओरडू नकोस, आधी पूर्ण वाच.

"मुलीला हाडांचं कुठे झेपणार" हे सगळ्यांनी ऐकवून झालंय. अगं निखळलेला खांदा बसवायला पैलवान लागत नाही, पेशंटचे स्नायू सैल पडेपर्यंत दम धरावा लागतो आणि हात कसा फिरवायचा ते कळावं लागतं.

खरं कारण म्हणजे आपला दादा. कबड्डीत गुडघा पिरगळला, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून मालिश करून हा परत मैदानात, आणि मग साधा जिना उतरताना पण गुडघा निसटायला लागला. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही हो! एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारं आतलं लिगामेंट, तुटलं होतं, वेळेत कळलं असतं तर आतली गादी तरी वाचली असती. इंटर्नशिपमध्ये तेच ऑपरेशन बघितलं. मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढतात, साफ करून दुमडतात, दोऱ्याने शिवतात, मग मापाच्या भोकातून ओढून जाडी बघतात, त्या दिवशी ८ मिमी भरली, आणि तीच दोरी दुर्बिणीतून गुडघ्यात बसवतात. मी नुसता पाय धरून उभी होते पण स्क्रीनवरून नजर हटेना. आणि हे लिगामेंट खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त तुटतं, त्यांना तपासायला बाई डॉक्टर कुठे असते सांगा.

बाबा, तुमच्या ऋषभ पंतचंच घ्या, डिसेंबर २०२२ ला अपघात, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मैदानात परत थेट २०२४ च्या आयपीएलला. म्हणजे ऑपरेशन एका दिवसाचं, बाकी सगळा व्यायाम आणि चिकाटी.

अर्थात एमएसची ३ वर्षं खेळाडू कमीच, बाईकवरून पडलेले, आजीबाईंचे खुबे आणि प्लास्टर हेच जास्त. आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे सांध्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची, फेलोशिप त्यानंतर. बाबा, तुम्ही विचारलेलं एमडी स्पोर्ट्स मेडिसिन पण असतं, पण त्यात ऑपरेशन नाही आणि सीट्स मोजक्याच, मला तर ऑपरेशन थिएटरच हवंय.

लग्नाचा विषय पहिल्या वर्षी काढायचा नाही, झोपच मिळणार नाहीये तर मुलं कधी बघू?

आणि बाबा, डोमिसाइलची ओरिजिनल लोखंडी कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे, पोस्टाने नको, दादा एमआरआय दाखवायला येतोय त्याच्याकडेच द्या.

तुमची,
चिऊ