सावंतवाडीच्या वाइन शॉपवाल्या भाईंना आभाराचे पत्र

आदरणीय भाई,

स.न.वि.वि.

माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी आपण जी खटपट केलीत, तिच्याबद्दल काउंटरवर बोललेले दोन शब्द मला अपुरे वाटले. आवडीची परदेशी व्हिस्की जवळपास कुठेच न मिळण्याची हीच अडचण असलेले वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत आणखीही लोक असतील, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बाबांची नोकरी जहाजावरची. परदेशातल्या बंदरांत त्यांना लॅफ्रॉएग व्हिस्कीची जी गोडी लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटावर १८१५ पासून बनणाऱ्या या व्हिस्कीसाठी बार्ली पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरायच्या मातीच्या) धुरावर सुकवतात, त्यामुळे तिला धुराचा आणि आयोडिनचा इतका उग्र वास येतो की पहिल्या घोटाला बहुतेक जण ग्लास दूर सारतात. अशा मालाला आपल्याकडे गिऱ्हाईक कुठून मिळणार? जिथे जिथे चौकशी केली तिथे ब्लेंडेड, म्हणजे मिश्र स्कॉचचे तेच ते ब्रँड होते, आणि सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात निव्वळ मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) असलीच तर सौम्य वळणाची. एका दुकानात तर मला मेडिकलमध्ये विचारायला सांगण्यात आले, आणि वासाचा विचार करता तो सल्ला अगदीच चुकीचा नव्हता.

आपण मात्र मला बसवून घेतलेत आणि माल का येत नाही हे मुळापासून समजावलेत. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे लेबलाची नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी करावी लागते. किरकोळ दुकानदाराला परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच माल उचलावा लागतो. आणि स्कॉचवरील जबर सीमाशुल्कावर राज्याचे उत्पादन शुल्क चढल्यानंतर, वर्षाला जेमतेम एखादी बाटली खपेल अशा माल्टमध्ये तालुक्याच्या गावात कोणी पैसे अडकवत नाही. या धंद्यातले इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठेही मिळाले नव्हते.

गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पलीकडून बाटली आणण्याचा विषय मी काढला, तेव्हा आपण तो तिथेच थांबवलात. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेली बाटली इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सापडली तर बाटलीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हे कोणाला हवे आहे, असे आपण म्हणालात. इथवर सांगून एखादा दुकानदार हात झटकून मोकळा झाला असता. आपण ठोक विक्रेत्याला फोन लावलात, लॅफ्रॉएग मिळत नाही याची खात्री करून घेतलीत आणि मग आपल्या नेहमीच्या ऑर्डरमध्ये पॉल जॉन बोल्डची एक बाटली घालून घेतलीत.

ही व्हिस्की गोव्यातल्या कुंकळ्ळीची, भारतीय बार्लीची, पण पीट स्कॉटलंडहून आणलेले. आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते आणि तितक्याच लवकर मुरते, हेही मला आपल्याकडूनच कळले. शेजारच्या राज्यात बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट २०१२ मध्ये आधी लंडनच्या बाजारात उतरली आणि आमच्या घरी पोहोचायला या बाटलीला महाराष्ट्राचे लेबल व ठोक विक्रेत्याचे गोदाम असा फेरा घ्यावा लागला, याची गंमत बाबांना व्हिस्कीइतकीच वाटली.

त्यांचा अभिप्राय आपल्याला कळवायलाच हवा: ‘धूर बरोबर आहे, समुद्र जरा कमी आहे.’ हे त्यांच्याकडचे कौतुक समजावे, कारण बाटलीला ते पाहुण्यांना हात लावू देत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. त्याचा परिणाम ठोक विक्रेत्याच्या यादीत दिसू लागला आणि तीत आयलाची एखादी माल्ट आली, तर आमच्यासाठी एक बाटली राखून ठेवावी. तोवर पुढच्या ऑर्डरमध्ये बोल्डची आणखी एक बाटली सांगून ठेवावी. पैसे आणि बाबांचा मद्यसेवनाचा परवाना घेऊन मी येतोच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
वेंगुर्ल्याचा एक ग्राहक