अंतर्गत गुणांचा घोळ आणि 'राखीव' निकाल

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पदवीच्या सत्र परीक्षेचा निकाल लागला की परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे दोन प्रकारचे विद्यार्थी हमखास दिसतात. एकाच्या निकालावर 'राखीव', म्हणजे तूर्त रोखून ठेवलेला, असा शेरा असतो. दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत एकाच विषयासमोर 'बाह्य ३१, अंतर्गत गैरहजर' छापलेलं असतं. लेखी पेपर देऊन उत्तीर्ण झालेला मुलगा त्याच विषयाच्या चाचणीला, प्रकल्पाला आणि तोंडी परीक्षेला, सगळ्यालाच गैरहजर कसा, हा प्रश्न गुणपत्रिका छापण्याआधी कुणाला पडत नाही. हा घोळ कुठे होतो आणि तो फार खर्च न करता कसा थांबवता येईल, यासाठी हे पत्र.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या विद्यापीठ विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. चर्चा झाली ती भारतीय ज्ञान प्रणाली आणि चार वर्षांच्या पदवीची. पण नांदेड, जळगाव, सोलापूर, गडचिरोली या विद्यापीठांच्या कक्षेतली बहुतेक मुलं तालुक्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि तिथे गाडी अडते ती गुणांच्या नोंदीवर.

पहिल्या सत्राचे २२ श्रेयांक (क्रेडिट) कसे भरतात ते पाहा. मुख्य विषयाचे दोन पेपर मिळून ६, ओपन इलेक्टिव्हचे (मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून निवडायचे विषय) दोन मिळून ४, व्यावसायिक कौशल्य २, कौशल्यवृद्धी २, भाषा २, मूल्यशिक्षण २, भारतीय ज्ञान प्रणाली २ आणि एनएसएस, एनसीसी, क्रीडा वगैरे सहअभ्यासक्रम २. म्हणजे साधारण दहा विषय. बहुतेक ठिकाणी एका श्रेयांकाला २५ गुण, म्हणून दोन श्रेयांकांचा विषय ५० गुणांचा. या ५० मध्ये पुन्हा अंतर्गत आणि बाह्य अशी विभागणी, आणि तिचं प्रमाण विद्यापीठागणिक वेगळं. कुठे २०-३०, कुठे १०-४०. तीनशे विद्यार्थ्यांचं प्रथम वर्ष धरलं तर एका सत्रात अंतर्गत गुणांच्या तीन हजार नोंदी होतात. वार्षिक पद्धतीत सहा-सात पेपर होते, तेव्हा हे काम एक लिपिक सांभाळत असे. आज विषय वाढले, पण ते काम बहुतेक जागी अजून त्याच एका लिपिकाकडे आहे.

नोंद चुकण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. पहिलं, तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि सत्र संपता संपता संपते. अंतर्गत गुणांची लिंक उघडते तोवर ते दुसऱ्या गावी गेलेले असतात, आणि गुणांचा कागद विभागप्रमुखाच्या कपाटात राहतो. दुसरं, ज्या विषयांना लेखी परीक्षाच नाही ते. सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग) यांचे गुण पूर्णपणे महाविद्यालयाच्या हातात असतात. वेळापत्रकात पेपरची तारीख नसल्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत आणि मुदत टळून जाते. तिसरं, ओपन इलेक्टिव्हचा कोड. विद्यार्थी तास एका विषयाचे करतो आणि परीक्षा अर्जात लिपिकाच्या एका क्लिकने खालच्या ओळीतला कोड पडतो. मग शिक्षकांच्या यादीत त्याचं नाव असतं, पण त्यांनी गुण भरायचे त्या पानावर नसतं. असा विद्यार्थी आपोआप 'गैरहजर' होतो. चौथं कारण, रिकामी चौकट. गुण भरण्याच्या काही संगणक प्रणालींत गुण न भरलेली चौकट आणि खरोखर गैरहजर विद्यार्थी यांत फरकच केला जात नाही, दोन्ही एकच शेरा होऊन बाहेर पडतात.

आता वेळेचं गणित. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ८९ प्रमाणे परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांत तो लावायचा. हे कलम किती जड जाऊ शकतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिलं. ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका संगणकावर तपासणं, घाईने आणलं, निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. तेव्हापासून सगळ्याच विद्यापीठांना ४५ व्या दिवसाची धास्ती आहे, आणि असायलाही हवी. पण या धास्तीतून एक पळवाटही निघाली. ज्यांचे गुण आले त्यांचा निकाल जाहीर करायचा आणि उरलेल्यांवर 'राखीव' मारायचं. निकाल मुदतीत लागला असं परिपत्रक निघतं. राखीव किती, हा आकडा मात्र त्या परिपत्रकात नसतो.

विद्यार्थ्याच्या बाजूने हेच गणित उलटं पडतं. निकालानंतर तो महाविद्यालयात अर्ज करतो. महाविद्यालय विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र, गुणांची मूळ यादी आणि प्राचार्यांचं हमीपत्र जोडून विद्यापीठाकडे पाठवतं. उशिरा गुण भरल्याबद्दल विद्यापीठ महाविद्यालयाला दंड लावतं, आणि काही ठिकाणी हा दंड थेट विद्यार्थ्याकडून वसूल केला जातो. याला काहीही आधार नाही. चूक शिक्षकाची किंवा कार्यालयाची आणि पावती मुलाच्या नावाची! दरम्यान पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज उघडतो. प्रणालीच्या लेखी तो त्या विषयात अनुत्तीर्ण असल्याने बॅकलॉगचं शुल्क भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नंतर निकाल दुरुस्त होतो, पण ते शुल्क परत मिळवायला आणखी एक अर्ज लागतो, आणि तो सहसा कुणी करत नाही. सहाव्या सत्रात तर याचा फटका फार मोठा बसतो. तिथे कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक असतात. तेवढे गुण अडकले तर पदवी अडकते, आणि बी.एड. किंवा पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत.

उपाय अगदी साधा आहे. लेखी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्याच लॉगिनमध्ये दहाही विषयांचे अंतर्गत गुण दाखवा. पाच दिवस हरकतीची मुदत द्या. जिथे चौकट रिकामी असेल तिथे लाल रंगात 'गुण प्राप्त नाहीत' असं दिसू द्या, 'गैरहजर' नव्हे. गैरहजेरी शिक्षकाने स्वतः निवडल्याशिवाय लागू नये. तीनशे मुलं आपापले दहा आकडे तपासतील तेव्हा लिपिकाच्या नजरेतून सुटलेलं सगळं सापडेल, कारण आपले गुण प्रत्येकाला पाठ असतात. परीक्षा प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांना हा बदल जड नाही. तो निविदेच्या अटींत लिहावा लागेल, एवढंच. सोबत निकालाच्या परिपत्रकात महाविद्यालयनिहाय राखीव निकालांची संख्या छापली, तर पुढच्या सत्रात गुण वेळेवर येतील याची खात्री बाळगा.

ओपन इलेक्टिव्हबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असा नियम आहे. हेतू उत्तम. पण ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे तिथे बाहेरचं आणायचं कुठून? मग इतिहासाचा शिक्षक वाणिज्याच्या नावाने ओळखीचंच काहीतरी शिकवतो. जिथे तिन्ही शाखा आहेत तिथेही यादी ठरते ती कार्यभारावर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४ तास थेट अध्यापन हवं. ज्याचे तास कमी पडतात त्याचा पेपर ओपन इलेक्टिव्ह म्हणून पुढे येतो, आणि मुलांकडून फॉर्मवर 'निवड' करून घेतली जाते. शिक्षकाची नोकरी टिकावी हे योग्यच आहे, पण मग त्याला विद्यार्थ्याची निवड म्हणू नये. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम हा यावर खरा पर्याय होऊ शकतो. सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली आहे. अट इतकीच की कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी चालेल, याची मान्यता विद्यापीठाने सत्र सुरू होण्याआधी द्यावी. ती यादी सत्र निम्मं झाल्यावर येते आणि तोवर नोंदणी बंद झालेली असते.

नव्या रचनेतल्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल मोठा गैरसमज आहे. एक वर्ष करून शिक्षण सोडलं की प्रमाणपत्र मिळतं, असं पालक धरून चालतात. तसं नाही. वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण हवेत, वर उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप हवी. एकही एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर प्रमाणपत्र नाही. आणि घरच्या अडचणीने शिक्षण सोडणाऱ्यांत विषय राहिलेलेच बरेच असतात. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. हे प्रवेशाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर असायला हवं.

परत येणाऱ्याचे श्रेयांक जपायचे ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. तिथला १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून, म्हणजे आधारवरच्या नावाने निघतो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर सासरचं आडनाव, विद्यापीठात माहेरचं. विद्यापीठाने पाठवलेल्या नोंदी अशा खात्याशी जुळत नाहीत आणि श्रेयांक दिसत नाहीत. याचा शोध तिसऱ्या वर्षी लागण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणं सोपं. इतर मंडळांतून आलेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र पहिल्याच सत्रात द्यावं. पात्रता निश्चित झाली नाही, तर तोच 'राखीव' शेरा पुन्हा वाट पाहत असतो.

हे बदल होईपर्यंत विद्यार्थ्यांनी निदान इतकं करावं. हॉलतिकीट हाती आलं की तारखा पाहण्याआधी विषयांचे कोड, विशेषतः दोन्ही ओपन इलेक्टिव्हचे, वर्गातल्या वेळापत्रकाशी ताडून पाहावेत. चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका आणि प्रकल्प जमा केल्याची सही असलेलं पान यांचा फोटो काढून ठेवावा. निकाल राखीव राहिला तर तोंडी चौकशीत आठवडे घालवू नयेत. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. हे दिवस मोजायचे झाले तर हाती तारखेचा शिक्का असलेली प्रत लागते.

आपला,
परीक्षा विभागाच्या कामाशी परिचित असलेला एक वाचक